तुरीची डाळ आणि दूरचा बाजार

श्रोतेहो, आज आपल्याशी बोलायचे आहे ते तुरीच्या डाळीविषयी. वरण म्हटले की आपल्याला आपले शेत, आपली चूल आणि आपले घर आठवते. यात परदेशाचा काय संबंध, असे कोणालाही वाटेल. पण मुंबईच्या डाळबाजारात जाऊन कान देऊन ऐका. भाव पुकारले जातात त्यांत लातूर, अकोला, गुलबर्गा यांच्याबरोबर ‘अरुषा’, ‘मटवारा’, ‘गजरी’, ‘मोझांबिक’, ‘मलावी’ ही नावेही कानांवर पडतात. अरुषा आणि मटवारा ही टांझानियातली गावे. मोझांबिक आणि मलावी हे देश. सारे पूर्व आफ्रिकेच्या पट्ट्यातले. आपल्या वरणातली काही तूर त्या मातीतली असते, आणि आपल्या शेतकऱ्याला मिळणाऱ्या भावात त्या मातीचा थोडा हात असतो.

मी वाणिज्य शाखेचा शिक्षक. २०१७ सालच्या उन्हाळ्यात एका खरेदी केंद्राबाहेर तुरीच्या गाड्यांची रांग लागली होती. बारदाना नाही म्हणून माप थांबलेले. माझा एक विद्यार्थी वडिलांबरोबर तिथे दोन रात्री मुक्कामाला होता. तो वर्गात परत आला तेव्हा त्याने मला सरळ विचारले, “सर, लोक म्हणतात मोझांबिकच्या तुरीनं आपला भाव पाडला. हे मोझांबिक आहे तरी कुठं? आणि त्यांनी पाडला का खरंच?”

पहिल्या प्रश्नाचे उत्तर भिंतीवरच्या नकाशावर होते. दुसऱ्याचे उत्तर माझ्यापाशी नव्हते. मी आंतरराष्ट्रीय व्यापार शिकवतो. पण माझ्या पाठ्यपुस्तकांत अमेरिका होती, जपान होता, जर्मनी होती. ज्या देशाची तूर माझ्या घरात शिजते तो देश नव्हता. तेव्हापासून जे वाचले, जे जुळवून पाहिले, ते आज सांगतो.

आधी भूगोल. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्यावर वरून खाली केनिया, टांझानिया आणि मोझांबिक हे देश आहेत. मलावी हा त्यांच्या मागे, समुद्र नसलेला छोटा देश. आपला आणि या किनाऱ्याचा संबंध फार जुना. मोसमी वाऱ्यावर शिडाची गलबते इकडून तिकडे आणि तिकडून इकडे जात असत. मोझांबिकचा कारभार तर १७५२ सालापर्यंत पोर्तुगीजांच्या गोव्यातून चाले. तूर मूळची आपल्या देशातली. ती फार पूर्वी तिकडे गेली आणि रुजली. स्वाहिली भाषेत तिला ‘मबाझी’ म्हणतात, मलावीत ‘नांडोलो’. केनियाच्या किनाऱ्यावर नारळाच्या दुधात शिजवलेली मबाझी न्याहारीला खातात.

तिकडचा तूर पिकवणारा शेतकरी आपल्यासारखाच लहान. आपण कपाशीत किंवा सोयाबीनमध्ये तुरीची ओळ टाकतो, तसा तो मक्यात टाकतो. पुष्कळ ठिकाणी बैलही नाहीत, सारी मशागत कुदळीवर. फरक हंगामाचा आहे, आणि तो नीट ध्यानात ठेवा, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावर उभी आहे. आपली तूर जून-जुलैत पेरतात आणि डिसेंबर ते फेब्रुवारीत घरी येते. विषुववृत्ताच्या दक्षिणेला ऋतू उलटे. मोझांबिकमध्ये नोव्हेंबर-डिसेंबरात पेरणी आणि ऑगस्ट-सप्टेंबरच्या सुमारास काढणी. म्हणजे आपल्याकडची तूर संपत येते, दिवाळीच्या तोंडावर भाव चढतात, नेमक्या त्या वेळी त्यांचा माल आपल्या बंदरात उतरतो. मोझांबिकचा शेतकरी तूर घरी खातो थोडी. तो ती पिकवतो मुख्यतः विकण्यासाठी, आणि तिचे मोठे गिऱ्हाईक एकच, ते म्हणजे आपण.

आता विचारा, एवढा मोठा व्यवहार चालतो तर त्याचा अभ्यास कोणी केला आहे? इथे एका शास्त्राची ओळख करून देणे भाग आहे. एका देशातला धंदा दुसऱ्या देशात कसा जातो, तिथे कसा टिकतो, का बुडतो, याचा अभ्यास करणारी ‘आंतरराष्ट्रीय व्यवसाय’ नावाची विद्याशाखा आहे. या विषयाच्या प्राध्यापकांची संघटना अमेरिकेत १९५९ साली निघाली. शास्त्र तसे तरुण, पण त्याने जगभरच्या व्यापाराविषयी मोठमोठे सिद्धान्त मांडले. ते सिद्धान्त उभे कशावर आहेत, हे मात्र पाहिले पाहिजे.

दोन उदाहरणे देतो. स्वीडनमधल्या उप्सला विद्यापीठातल्या विद्वानांनी १९७५ ते १९७७ च्या सुमारास असे मांडले की, धंदा परदेशी जातो तो एकेक पायरीने. प्रथम भाषेने आणि रीतिरिवाजाने जवळच्या देशात, आणि ओळख वाढली की दूरच्या देशात. विचार चांगला आहे. मी तो दरवर्षी शिकवतो. पण तो काढला कशावरून? चार स्वीडिश कंपन्यांच्या वाटचालीवरून. आता आपल्याकडचा कच्छी आणि गुजराती व्यापारी पाहा. तो एकोणिसाव्या शतकात झांझिबारला दुकान थाटून बसला होता. मैलांनी ते बेट किती दूर! पण वाऱ्याची वाट ठाऊक, आधी गेलेला जातभाई तिथे, उधारीला जामीन तिथे. त्याच्या दृष्टीने झांझिबार जवळ होते. ‘जवळ’ आणि ‘दूर’ हे शब्द स्वीडनमध्ये बसून मोजले तर एक अर्थ निघतो, मांडवी बंदरात उभे राहून मोजले तर दुसरा.

दुसरे उदाहरण हॉलंडचे विद्वान गीर्ट हॉफस्टीड यांचे. आय.बी.एम. या यंत्रे बनवणाऱ्या कंपनीच्या देशोदेशींच्या नोकरांकडून १९६७ ते १९७३ या काळात प्रश्नपत्रिका भरून घेतल्या होत्या. एक लाखाहून अधिक. त्यांवरून हॉफस्टीड यांनी प्रत्येक देशाच्या माणसांच्या स्वभावाला आकडे दिले. वरिष्ठांपुढे लोक किती दबतात, एकेकटे वागतात की समूहाने, असे. जगभरच्या महाविद्यालयांत हे आकडे शिकवले गेले. त्यांत जर्मनीला स्वतंत्र आकडा, डेन्मार्कला स्वतंत्र आकडा. आणि इथियोपिया, केनिया, टांझानिया आणि झांबिया या चार देशांना मिळून एकच आकडा, नाव ‘पूर्व आफ्रिका’. कारण त्या देशांतून आलेल्या प्रश्नपत्रिका फार थोड्या, म्हणून चौघांची एक मोट बांधली. मोझांबिक आणि मलावी तर त्या यादीत नव्हतेच. शिवाय उत्तरे देणारे कोण? एका परदेशी कंपनीतले पगारी नोकर. कुदळीने तूर पेरणारा त्यांत कुठून येणार?

शिक्षक बंधुभगिनींनो, हे मी त्या विद्वानांना नावे ठेवण्यासाठी सांगत नाही. हॉफस्टीड यांनी जे केले ते त्यांच्याआधी एवढ्या प्रमाणावर कोणी केले नव्हते. सांगायचे आहे ते इतकेच की, ज्या जागेकडे कोणी पाहिलेले नाही तिथले नियम दुसऱ्या जागेवरून अंदाजाने बसवले जातात आणि पुढे तेच खरे मानले जातात.

आणि जिथे कोणी जाऊन पाहिले, तिथे काय सापडले? एलेनी गाब्रे-मधिन या इथियोपियाच्या अर्थशास्त्रज्ञ बाई. त्यांनी आपल्या देशातल्या धान्यबाजारात फिरून दलालांचा अभ्यास केला. दलाल म्हणजे मधल्या मध्ये खाणारा, ही समजूत तिकडेही आहे. त्यांना दिसले ते असे: एका गावचा व्यापारी दूरच्या गावच्या गिऱ्हाइकाला ओळखत नाही. माल कसा निघेल, पैसे मिळतील की नाही, याची खात्री देणारी संस्था नाही, झटपट न्याय देणारे न्यायालय नाही. ती खात्री दलाल देतो. तेव्हा दलालाला शिव्या देऊन भागणार नाही; तो करतो ते काम कोणीतरी करायलाच हवे. या अभ्यासातून २००८ साली अदिस अबाबा इथे मालाची प्रत तपासून, पावती देऊन, उघड बोलीने व्यवहार करणारी बाजारसंस्था उभी राहिली. तिच्यातही उणिवा निघाल्या. धान्य तिथे फारसे आलेच नाही. कॉफी आणि तीळ यांचाच व्यवहार मुख्य झाला. कॉफीची पोती प्रतीप्रमाणे एकत्र होऊ लागल्यावर कोणत्या गावची कॉफी ते कळेनासे झाले, आणि चांगल्या कॉफीचे नाव बुडते म्हणून २०१७ मध्ये नियम सैल करावे लागले. पण चूक झाली ती जागेवर पाहून झाली, म्हणून दुरुस्तही करता आली.

केनियातले उदाहरण आपल्याला आता ओळखीचे वाटेल. २००७ साली तिथे साध्या मोबाईलवरून पैसे पाठवण्याची ‘एम-पेसा’ नावाची सोय निघाली. पेसा म्हणजे स्वाहिलीत पैसा. शब्दसुद्धा आपल्याच वळणाचा. तोवर समजूत अशी होती की आधी बँक, मग बाकीचे. केनियात खेड्यात बँक पोचली नव्हती. कोपऱ्यावरचा दुकानदारच पैसे घेणारा आणि देणारा झाला. तवनीत सुरी आणि विल्यम जॅक या दोन संशोधकांनी अनेक वर्षे त्याच कुटुंबांकडे पुन्हा पुन्हा जाऊन माहिती घेतली. २०१६ साली त्यांनी मांडले की, या सोयीमुळे सुमारे १ लाख ९४ हजार कुटुंबे, म्हणजे केनियातली शेकडा दोन कुटुंबे, अत्यंत दारिद्र्यातून वर आली. आणि फायदा विशेषतः बायकांच्या संसारात दिसला. हे ज्ञान न्यूयॉर्कच्या बाजारात बसून मिळाले नसते.

आणखी एक साधी रीत सांगतो. मलावी आणि मोझांबिक यांच्या सरहद्दीवर किती तरी धान्य सायकलीच्या मागे पोते बांधून इकडून तिकडे जाते. जकातीच्या वहीत त्याची नोंद नाही. वही पाहणाऱ्याला वाटते, व्यापारच नाही. म्हणून २००४ पासून त्या भागात सरहद्दीच्या नाक्यांवर माणसे बसवून मका, तांदूळ, घेवडा यांची किती पोती गेली ते मोजू लागले. दुष्काळाची चाहूल लागावी म्हणून हे केले. मोजणारा माणूस, वही आणि पेन्सिल, एवढेच साहित्य. संशोधन म्हणजे नेहमी मोठी यंत्रे नव्हेत, हे मी विद्यार्थ्यांना यावरूनच सांगतो.

आता आपण त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे येऊ. मोझांबिकने आपला भाव पाडला का? हिशेब मांडून पाहू.

२०१५ च्या ऑक्टोबरात तूरडाळ शहरांत किलोला दोनशे रुपयांच्या घरात गेली होती. दोन वर्षे पाऊस ओढलेला, तुरीचे पीक कमी. २०१५-१६ चे उत्पादन देशभर सुमारे २५ लाख टन. हा चढा भाव दोन शेतकऱ्यांनी ऐकला. मोझांबिकच्या शेतकऱ्याने तो नोव्हेंबर-डिसेंबरात, पेरणीच्या तोंडावर ऐकला. आपल्या शेतकऱ्याने तो मनात ठेवला आणि जून २०१६ मध्ये पेरा वाढवला. त्या साली पाऊसही चांगला झाला. मधे जुलै २०१६ मध्ये भारत सरकारने मोझांबिकशी करार केला की, पहिल्या वर्षी एक लाख टन आणि पाच वर्षांत वाढवत दोन लाख टन डाळी तिकडून घेऊ. महागाई डोळ्यांसमोर होती. करार करताना कोणाला तो चुकीचा वाटला नसेल.

मग २०१६-१७ चे पीक आले, ते ४८ लाख टनांच्या वर. जवळजवळ दुप्पट! हमीभाव बोनससह क्विंटलला ५०५० रुपये होता, पण बाजारात दर त्याच्या पुष्कळ खाली गेले. त्या वर्षी परदेशातून आलेली तूर होती सुमारे ७ लाख टन, आणि तीही एकट्या मोझांबिकची नव्हे. म्यानमार, टांझानिया, मलावी, सगळ्यांची मिळून. घरचे पीक वाढले २३ लाख टनांनी. तेव्हा भाव पडला तो मुख्यतः घरच्या पिकाच्या वाढीने. पण एवढ्यावर सोडून देणेही खरे नाही. भरल्या माठात वरून तांब्याभर पाणी ओतले तर तेही सांडतेच. पडत्या बाजारात आलेल्या प्रत्येक जहाजाने भाव सावरायला आणखी उशीर झाला, ही शेतकऱ्याची तक्रार खोटी नव्हती.

आता पलीकडच्या बाजूला जाऊ. करार झाला, गेल्या हंगामात भाव मिळाला, म्हणून मोझांबिकच्या शेतकऱ्याने २०१६ अखेर पुन्हा तूर टाकली. ती २०१७ च्या ऑगस्टमध्ये काढणीला आली. आणि ५ ऑगस्ट २०१७ रोजी आपल्या सरकारने आयातीवर वर्षाला दोन लाख टनांची मर्यादा घातली. मोझांबिकशी ठरलेला कोटा तेवढा वेगळा ठेवला होता. पण बाजार घाबरला तो घाबरलाच. टांझानिया आणि मलावी यांना तर तेवढाही आधार नव्हता. तिथल्या खेड्यापाड्यांत खरेदी करणारे व्यापारी मागे सरले आणि शेतावरचा भाव कोसळला. दुसरे गिऱ्हाईक नाही, घरी खाऊन खाऊन किती खाणार? मार्च-एप्रिलमध्ये आपला शेतकरी रांगेत उभा होता; पाच महिन्यांनी तिकडचा शेतकरी पोत्यांवर बसून होता. दोघांनी एकच भाव ऐकून पेरणी केली होती आणि दोघे एकमेकांविषयी काहीही जाणत नव्हते.

श्रोतेहो, यातले मर्म असे की, शेतकरी पेरतो तो गेल्या हंगामाच्या भावावर आणि विकतो पुढच्या हंगामाच्या भावावर. एकाच देशात हे चक्र असते तेव्हा निदान पेऱ्याचे आकडे तरी मिळतात. पण चक्राचा अर्धा भाग लातूर-बीदरमध्ये आणि अर्धा नांपुला-झांबेझियामध्ये असला, आणि त्या अर्ध्या भागाचा धड पेरा कोणी मोजलेला नसला, तर सरकार, व्यापारी आणि शेतकरी तिघेही अंधारात चाचपडतात. मग महागाई झाली की दार उघडायचे, भाव पडला की लावायचे. पुढे तसेच झाले. मे २०२१ मध्ये आयात पुन्हा खुली केली. मोझांबिकचा करार आणखी पाच वर्षे वाढवला आणि मलावीशी वर्षाला पन्नास हजार टनांचा नवा करार झाला. मुदत जवळ आली की पुन्हा वाढ. उघडझाप करणाऱ्या दारातून ये-जा करणारा कधीतरी बोट चिरडून घेतोच. आणि इथे बोट बहुधा पेरणाऱ्याचेच असते.

मग करायचे काय? आयात बंद करा, एवढे म्हणून उत्तर संपत नाही. पीक बुडालेल्या वर्षी डाळ विकत घेणारा मजूरही आपलाच आहे. आयात सदा खुली ठेवा म्हणूनही संपत नाही. त्या भागाची खरी माहिती हवी. तिकडे पेरा किती झाला, पाऊस कसा आहे, कोणता वाण लावला, गावच्या दुकानदाराने काय भाव दिला, नाकाला बंदरात किती माल पडून आहे, हे आपल्या पेरणीच्या आधी आपल्याला कळले पाहिजे. आणि आपला पेरा किती झाला हे त्यांना कळले पाहिजे. बियाण्यांच्या शास्त्रात ही देवघेव आधीच सुरू आहे. हैदराबादजवळच्या पाटणचेरू इथली आंतरराष्ट्रीय संशोधन संस्था १९७२ पासून कोरडवाहू पिकांवर काम करते, आणि तिच्या नैरोबीच्या शाखेतून मर रोगाला दाद न देणारे तुरीचे वाण टांझानिया-मलावीपर्यंत गेले. जे बियाण्याच्या बाबतीत जमले, ते बाजाराच्या बाबतीत का जमू नये? आपल्या कृषी विद्यापीठांतून आणि वाणिज्य महाविद्यालयांतून दरवर्षी किती प्रबंध निघतात! त्यांतले दोन-चार जरी या पट्ट्यातल्या बाजारावर निघाले, तिकडच्या विद्यापीठातल्या सोबत्यांना घेऊन निघाले, तर कोणत्याही मोठ्या सिद्धान्तापेक्षा ते आपल्या उपयोगी पडतील.

आणि खेड्यातल्या शाळेत काय करता येईल? पुष्कळ. शिक्षकांनी वर्गात एक वही ठेवावी. दर आठवड्याला एका मुलाने जवळच्या बाजारसमितीतला तुरीचा भाव त्यात लिहावा. शेजारच्या रकान्यात गावात तुरीचा पेरा किती झाला ते लिहावे. हे मुलांना घरोघर विचारून मिळते. तिसऱ्या रकान्यात, वर्तमानपत्रात किंवा आकाशवाणीवर आयातीची काही बातमी आली तर ती तारखेसह टिपावी. तीन वर्षे अशी वही चालली की मुलांना दिसेल, कोणत्या बातमीनंतर भाव हलला आणि कोणत्या बातमीनंतर हललाच नाही. भिंतीवरच्या आफ्रिकेच्या नकाशात नाकाला, बैरा, दारेसलाम या बंदरांवर खूण करावी आणि न्हावा शेवापर्यंत दोरा ताणावा. भूगोल, गणित आणि व्यवहार, तिन्हींचा पाठ एकाच वेळी होतो.

तो माझा विद्यार्थी पदवीधर झाला. वडिलांबरोबर शेती करतो. मध्यंतरी भेटला तेव्हा म्हणाला, “सर, आता पेरायच्या आधी तिकडचा पाऊस बघतो.” मी विचारले, “कळतं का काही?” म्हणाला, “थोडं कळतं. पण तिकडं पेरा किती झाला ते कोणी सांगत नाही.” तीन-चार देशांचे विद्वान आणि दोन सरकारे यांनी मिळून ज्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे, तो प्रश्न त्याने बांधावर उभा राहून बरोबर विचारला होता. उत्तर शोधण्याचे काम आपल्या शिकलेल्या माणसांचे आहे, आणि मी स्वतःला त्यांतून वगळत नाही.